खुब्याचा सांधा बदलल्यानंतर : शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी



दर अंकात या पानावर मी आपल्याशी बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा, खताचे हप्ते यांविषयी बोलत असतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने हाडाच्या दुखण्यावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील, आणि विचारणे रास्तही आहे. पण गट कार्यालयात नोंद द्यायला येणारे आपले कितीतरी वडीलधारे सभासद पाय ओढत येतात, पायरी चढताना कठड्याला धरतात, हे मी रोज पाहतो. त्यांतल्या काहींची शस्त्रक्रिया झाली आहे, काहींची ठरली आहे. माझ्या घरीही हा प्रसंग येऊन गेला. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख.

मी कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नव्हे. खालील माहिती डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन लिहिली आहे. शेवटचा शब्द आपापल्या डॉक्टरांचाच मानावा.

सांधा झिजतो म्हणजे काय होते ?

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. त्याला आपण गोळा म्हणू. कमरेच्या हाडात त्या गोळ्यासाठी वाटीसारखा खळगा असतो. गोळा वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, वाकतो, बसतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. बैलगाडीच्या आसाला वंगण नसले की चाक कुरकुरते आणि आस झिजतो, तसेच हा थर गेला की हाड हाडावर घासते.

असे होण्याची कारणे मुख्यतः चार. वयोमानाची झीज, संधिवात, पडून खुब्याचे हाड मोडणे, आणि चौथे म्हणजे गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून गोळा आतून मरणे व ढासळणे. हे चौथे कारण तिशी-चाळिशीतल्या तरुणांतही आढळते. दारूचे अतिसेवन आणि जास्त मात्रेत किंवा फार दिवस घेतलेली स्टिरॉइडची औषधे ही त्याची ठळक कारणे आहेत. गुडघेदुखी-कंबरदुखीवर ज्या बिननावाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांपैकी काहींत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. एका दिवसात आराम पडला म्हणून अशा पुड्या महिनोन्महिने खाऊ नयेत.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. खुब्याचे दुखणे जांघेत जाणवते, तसे पुष्कळदा गुडघ्यातही जाणवते. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, दोन वर्षे आम्ही गुडघ्याला तेल चोळत होतो. दुखणे वर खुब्यात होते. गुडघ्याच्या उपचाराने गुण येत नसेल तर खुब्याचाही एक्स-रे काढून घ्यावा.

नवा सांधा

शस्त्रक्रियेत झिजलेला गोळा काढून टाकतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवून त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा बसवतात. कमरेच्या खळग्यात नवी वाटी बसवून तिला बहुधा कठीण प्लॅस्टिकचे अस्तर असते. ही पद्धत रुळवली ती इंग्लंडचे डॉ. जॉन चार्नली यांनी. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली होती, पण ती दोन-तीन वर्षांतच झिजू लागली आणि शेकडो रुग्णांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली. चार्नली यांनी चूक लपवली नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी रायटिंग्टन येथील रुग्णालयात जास्त घनतेच्या पॉलिथिनची वाटी बसवली आणि ती टिकली. आजचे सांधे त्याच मार्गाने सुधारत आले आहेत.

सांधा किती वर्षे टिकतो, हा सर्वांचा प्रश्न. अनेक देशांतील नोंदी तपासून २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास छापला गेला, त्यात १०० पैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षांनंतरही चांगले होते. म्हणजे वस्तू चांगली आहे. तेव्हा प्रश्न येतो तो पहिले तीन महिने ती कशी सांभाळायची, याचा.

आमच्या घरची हकिगत

जानेवारी २०२३. गाळप ऐन भरात होते. आबा तेव्हा ७१ वर्षांचे. शस्त्रक्रिया चांगली झाली. दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे राहिले, पाचव्या दिवशी घरी आले. घरी सोडताना रुग्णालयाने एक कागद दिला. कागद इंग्रजीत होता, आणि समजावून सांगायला कोणी पाच मिनिटे दिली नाहीत. मी तो घडी करून मोटारसायकलच्या डिकीत टाकला आणि तसाच ऊसतोडीच्या कार्यक्रमाला निघून गेलो.

तेविसाव्या दिवशी रात्री साडेदहाला शेतीची लाईट आली. पाण्याची पाळी आमची. गडी आला नाही. आबांचे दुखणे तोवर पुष्कळ कमी झाले होते, आणि तेच नडले. घरामागेच रान. वॉकर बांधावर ठेवून, काठी टेकत ते सरीपर्यंत गेले. खोरं घराकडेच राहिलेलं, म्हणून दारं मोडायला उकिडवे बसले आणि हातानेच माती सारू लागले. ‘कट्’ असा आवाज झाला, आणि उठता येईना. आई बॅटरी घेऊन गेली तेव्हा पाणी बांध फोडून रस्त्यावर आले होते आणि आबा चिखलात आडवे होते. पाय आखूड दिसत होता, पाऊल आत वळले होते.

शेजारच्यांनी हाडवैद्याचे नाव काढले. आईने ठाम सांगितले, “ज्येनं बसिवलाय, त्येच्याकडंच न्यायचा.” तिच्या त्या एका शब्दाने पुढचा अनर्थ टळला. डॉक्टरांनी भूल देऊन सांधा जाग्यावर बसवला. चिरफाड करावी लागली नाही.

त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून मी डिकीतला कागद प्रथमच वाचला. तिसऱ्याच ओळीत लिहिले होते की उकिडवे बसू नये. सकाळी आबा एवढेच म्हणाले, “मला कुनी सांगितलंच न्हाई. सांगितलं असतं तर मी बसलोच नसतो.” सभासद हो, खताच्या पिशवीवरचा मजकूर वाचा, औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण वाचा, म्हणून मी गावोगाव सभा घेतो. आणि स्वतःच्या बापाचा कागद मी तेवीस दिवस वाचला नाही. रुग्णालयाने समजावून सांगायला हवे होते, हे खरे. पण दोष त्यांच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही.

कोणते बिघाड होऊ शकतात व ते कसे ओळखावेत ?

बहुतेकांची शस्त्रक्रिया निर्वेध पार पडते. तरीही पुढील गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

(१) सांधा निखळणे. शंभरात एक ते तीन जणांना असे होते, आणि ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण कापलेले असते, ते भरून यायला तेवढा अवधी लागतो. खुबा मागील बाजूने उघडला असेल तर तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात : मांडी काटकोनापेक्षा जास्त पोटाकडे आणणे, पायावर पाय टाकणे, आणि पाय आतल्या बाजूला वळवणे. उकिडवे बसण्यात आणि बुटक्या पाटावर बसण्यात पहिली गोष्ट हमखास घडते. पुढील बाजूने उघडला असेल तर नियम वेगळे असतात, म्हणून ‘कोणत्या बाजूने उघडले ?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे. अचानक असह्य कळ, पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, पायावर भार न घेता येणे ही निखळल्याची लक्षणे. अशा वेळी पाय कोणालाही ओढू देऊ नये. आहे त्या स्थितीत उशांचा आधार देऊन रुग्णालयात न्यावे.

(२) रक्ताची गुठळी. पडून राहिल्याने पोटरीच्या किंवा मांडीच्या आतल्या शिरेत रक्त साकळते. पाय एकाएकी सुजतो, पोटरी दुखते, गरम लागते. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर दम लागतो, छातीत कळ येते, आणि जीवही जाऊ शकतो. आपल्याकडे पाय सुजला की पहिले काम म्हणजे तेल लावून चोळणे. इथे तसे मुळीच करू नये. चोळल्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारे औषध दिले असेल ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे, बरे वाटते म्हणून मध्येच बंद करू नये. दम लागला तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

(३) जंतूंचा प्रादुर्भाव. शंभरात साधारण एक-दोघांना होतो, पण झाला तर फार त्रास देतो. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, लाली व दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाणे ही लक्षणे. लवकर कळले तर आत धुऊन, अस्तर बदलून सांधा वाचवता येतो. उशीर झाला तर पुष्कळदा सांधा काढून, महिनोन्महिने उपचार करून पुन्हा नवा बसवावा लागतो. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत. त्याने जंतू दबून राहतात आणि तपासणीत सापडत नाहीत. ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच आधी दाखवावे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी शस्त्रक्रियेआधीच साखर आटोक्यात आणावी. विडी-तंबाखूने जखम भरायला उशीर लागतो, तीही आधीच सोडावी. किडका दात, लघवीची जळजळ, पायावरची चिरलेली जखम ही दुखणी आधी बरी करून घ्यावीत. आणि हे एकदाच करून भागत नाही. पुढे पाच-दहा वर्षांनीही दुसरीकडचे जंतू रक्तावाटे सांध्यापर्यंत जाऊ शकतात. उसाच्या पाचटाने पाय कापला, बोटांत चिखल्या झाल्या, तर ‘त्यात काय मोठं’ म्हणून सोडून देऊ नये.

(४) पायाची लांबी आणि नस. पहिले काही आठवडे पाय लांब झाल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षे आखडलेले स्नायू ताणले गेलेले असतात. बहुतेकांचे हे वाटणे हळूहळू जाते. थोडासा फरक उरलाच तर चपलेला तळ लावून भागते. क्वचित नसेला ताण बसून पाऊल वर उचलता येत नाही. पुष्कळदा ते सुधारते, पण महिने लागतात आणि तोवर आधाराचा पट्टा वापरावा लागतो.

(५) हाड मोडणे व सांधा सैल होणे. आत धातूचा दांडा असलेले हाड पडण्याने मोडले तर जोडणे अवघड असते. म्हणून ओला हौद, शेवाळलेली पायरी, रात्रीचा अंधार यांपासून जपावे. वर्षानुवर्षांच्या वापराने अस्तर झिजते व सांधा सैल होऊ शकतो. चांगला चालणारा माणूस काही वर्षांनी जांघेत किंवा मांडीत दुखते म्हणू लागला तर एक्स-रे काढावा. दुखत नसले तरी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणीला जावे.

बसवलेल्या सांध्याचे लेबल रुग्णाच्या कागदावर चिकटवलेले असते. ते सात-बाराच्या उताऱ्यासारखे जपून ठेवा. २०१० साली धातूच्या गोळ्यावर धातूचीच वाटी असलेला एक सांधा त्याच्या कंपनीला जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही तो अनेकांना बसवलेला होता. ज्यांच्याकडे कागद होता त्यांना आपल्या अंगात काय आहे ते लगेच कळले.

चालणे-फिरणे कसे परत येते ?

लागण केली की दुसऱ्या दिवशी कांडी मोजायला आपण जात नाही. इथेही टप्पे आहेत.

पहिला आठवडा : बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरने उभे करतात. पडल्यापडल्या पावले वरखाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, कुल्ला आवळणे हे व्यायाम तासातासाने करावयाचे. वरवर क्षुल्लक दिसतात, पण रक्त खेळते राहते.

दोन ते सहा आठवडे : साधारण बारा ते चौदा दिवसांनी टाके काढतात. रोज थोडे-थोडे, पण दिवसातून तीन-चार वेळा चालावे. वॉकर सोडून काठी कधी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. बाजल्यावर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी.

सहा आठवडे ते तीन महिने : दुखणे बरेच थांबलेले असते. खरा धोका याच काळात, कारण माणसाला वाटते आपण बरे झालो. लंगडणे मात्र अजून असते. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू अशक्त असतात, त्यामुळे चालताना अंग एका बाजूला कलते. उभे राहून, खुर्चीला धरून, पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम यासाठीच असतो. तो सोडला तर सांधा उत्तम असूनही लंगड कायम राहू शकते. मोटारसायकल, ट्रॅक्टर यांचे नाव डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज काढू नये.

तीन महिने ते एक वर्ष : ताकद वर्षभर वाढत राहते. चालणे, देवळाच्या पायऱ्या चढणे, बाजार, लग्नकार्य, सारे जमते. उड्या मारणे, जड ओझी वाहणे, मोळ्या उचलणे यांपासून मात्र कायमचे लांब राहावे.

घरी आणि रानात आधी करावयाची तयारी

हे सर्व शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी करावे. माणूस घरी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

घरी कमोड नसेल तर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची आणावी. बसण्यासाठी हात असलेली उंच खुर्ची ठेवावी. फार खोल गादीची नको. न्हाणीत रबरी चटई आणि भिंतीला धरायला दांडी असावी. वाटेतली सतरंजी, वायर उचलावी. जेवण टेबलावर किंवा स्टुलावर वाढावे. पाहुण्यांच्या घरी पंगतीत बसण्याचा आग्रह झाला तर खुर्ची मागायला लाजू नये.

आणि रानाचे काय ? पाण्याच्या पाळीला किमान तीन महिने दुसरा माणूस आधी ठरवून ठेवावा. भावकीत सांगून ठेवावे. नांगरट, बांधणी, तोडणी यांचा अंदाज घेऊन शस्त्रक्रियेची तारीख ठरवता येत असेल तर ठरवावी. पण हंगामाची वाट पाहत वर्षानुवर्षे ढकलू नये. फार दिवस न वापरलेला पाय बारीक होतो, आणि मग ताकद यायलाही तितकाच वेळ लागतो.

खर्चाची चिंता सर्वांनाच असते. शासनाच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोठे व कशी बसते, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आधीच विचारावे.

घरी सोडताना विचारावयाचे प्रश्न

१. कसे बसायचे नाही, आणि किती दिवस ?
२. रक्त पातळ करणारे औषध कोणते, आणि कोणत्या तारखेपर्यंत ?
३. पायावर भार किती टाकायचा ?
४. काय झाले तर लगेच यायचे, आणि रात्री फोन कोणाला करायचा ?
५. पुढची तपासणी केव्हा ?

उत्तरे मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावीत आणि भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावावीत. रुग्णाला वाचून दाखवावीत. घरच्या कारभारणीला आणि नातवंडांनाही सांगून ठेवावे. आजोबा खाली बसू लागले तर पहिले ओरडते ते नातवंडच.

आबांचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. त्यांचे सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. या वेळी कागद भिंतीवर होता. पावसाळा लागेपर्यंत ते काठीने गावात फिरू लागले, आणि त्या वर्षीच्या वार्षिक सभेला स्वतःच्या पायांनी आले. मांडी घालून ते आता बसत नाहीत. पाणी पाजण्याचा हट्ट मात्र त्यांनी सोडला नाही. तेव्हा मी आमच्या दोन एकरांत ठिबक बसवले आणि व्हॉल्व्ह कमरेच्या उंचीवर घेतला. ठिबक करा म्हणून सर्वांना सांगणारा मी, स्वतःच्या रानात करायला मला बापाचा खुबा निखळावा लागला. आता आबा उभ्यानेच व्हॉल्व्ह फिरवतात आणि शेजाऱ्याला सांगतात, “दारं मोडायचं दिस गेलं माझं.”

ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया ठरली असेल त्यांनी हे पान कापून ठेवावे. काही शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. कमोड खुर्ची-वॉकर कोठे मिळतो, पाळीची सोय कशी करावी, एवढ्यासाठी गट कार्यालयात मला भेटलात तरी चालेल. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापनाकडे वळू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी